शून्याची रेघ

आमच्या घरी टीव्ही आला तो मशीनसाठी. तुमसरात हे कुणाला पटलं नाही. रविवारी सकाळी मालिकेच्या वेळेला शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं ओसरीत येऊन बसायची आणि पडद्यावर माझे आकडे असायचे. "थोडं थांबा, एवढा एक थर होऊ द्या," असं मी म्हणायचे. माणसं थांबायची. एक म्हातारे गृहस्थ तर आकड्यांनाही हात जोडून बसायचे. मालिका नेमकी कुठून सुरू होते हे त्यांना शेवटपर्यंत नक्की कळलं नव्हतं आणि त्यांना धोका पत्करायचा नव्हता.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते. नवरा राइस मिलमध्ये फिटर होता. सासरे गेल्यावर सासूबाई बपेऱ्याचं शेत धाकट्या दिराच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. घरात माणसं तीन आणि चौथं मशीन. जागा सगळ्यात जास्त चौथ्याला.

नवऱ्याला छंद होता. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना पत्त्यांचा असतो, पानाचा असतो; तक्रार केली तर चार बायका आपल्या बाजूला येतात. माझा नवरा सुट्टीच्या दिवशी नागपूरच्या भंगार बाजारात जाऊन मोटारी आणायचा. यावर कुणाकडे तक्रार करायची? जुन्या लेथच्या दोन स्लाइडी त्याने एकीवर एक आडव्या-उभ्या बसवल्या, वर हातड्रिल उभं आवळलं, आणि स्लाइडींच्या स्क्रूंना टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या दोन स्टेपर मोटारी जोडल्या. आखातातून परत आलेल्या एका मित्राकडून पाटीएवढा, रबरी बटणांचा कॉम्प्युटर घेतला; त्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून टीव्ही. कॉम्प्युटरने मोटारींना सांगायचं, मोटारींनी टेबल सरकवायचं, आणि वरच्या कटरने खालच्या अॅल्युमिनियममध्ये हवा तो आकार कोरायचा. प्रत्येक थराला कटर किती खाली न्यायचा ते मात्र हातानं ठरवायचं. पुण्यामुंबईच्या कारखान्यांत अशी मशीनं खोलीएवढी असतात असं तो सांगायचा. आमचं शिवणयंत्राएवढं होतं आणि आवाज खोलीएवढा करायचं.

छंद होता तोवर मी गप्प होते. मग पुण्याहून पत्र आलं. तिथल्या एका कारखान्यात त्याने विचारणा केली होती. त्यांनी नोकरी देऊ केली. रुजू व्हायचा दिवस नेमका पोळ्याचा. पुण्याला पोळा कळत नाही.

तो पुण्याला गेला तर मला माझी पक्की नोकरी सोडावी लागणार होती. जिल्हा परिषदेची मास्तरीण पुण्याला बदली मागू शकत नाही, राजीनामा देऊ शकते. आणि सासूबाई पुण्याला येणार नव्हत्या. "तिकडे मले कोन ओळखते?" एवढंच त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. एकच सूप त्यांनी तीनदा निवडलं.

त्याच आठवड्यात भंडाऱ्याचे एक पितळेचे व्यापारी मिलमध्ये आले होते. बैलांच्या शिंगांच्या टोकांना बसवायच्या पितळी टोप्या, म्हणजे शेंब्या, ते ओतवून घ्यायचे. ओतण्याआधी मेणाचा नमुना काढायच्या त्यांच्या साच्यांचे दोन अर्धे नीट जुळत नसत, शेंबीवर मधोमध कड यायची, आणि ती घासायला माणूस बसवावा लागायचा. नवऱ्याने मशीनचं सांगितलं. व्यापारी म्हणाले, "एक जोडी बसवून दाखवा. जोडावर नख फिरवीन. नाई अडकलं तर सारे साचे तुमच्याकडूनच, दरवर्षी." साचे मिळाले तर मिल सोडून घरीच काम करता येणार होतं. पुणं रद्द. नवरा म्हणाला, "पोळ्याच्या आत जमलं तर राहीन." म्हणजे आमच्या दोघींचं सगळं भविष्य आता एका अनोळखी माणसाच्या नखावर होतं.

मग मी वही उघडली.

पहिल्या दिवशी मोटार जागच्या जागी थरथरली. नवरा म्हणाला, चार तारा आहेत, त्यांचा क्रम चुकला, चोवीस क्रम होतात, एकेक करून बघू. मी म्हटलं, तारा गोलाने पेटतात ना, मग पहिली धरून ठेवा, उरलेल्या तिघींचे सहाच. सहांपैकी दोन चालले, एक सुलट आणि एक उलट. मला फार आनंद झाला. आठवीच्या वर्गात हे शिकवून मला कधी आनंद झाला नव्हता.

एका फेरीला मोटार दोनशे टप्पे घ्यायची आणि एका फेरीत स्क्रू दोन मिलिमीटर सरकायचा. म्हणजे शंभर टप्प्यांना एक मिलिमीटर. हे कॉम्प्युटरला सांगितलं. मग मोटार सुरुवातीलाच दमायला लागली. पहिल्याच टप्प्याला पूर्ण वेग मागितला की ती नुसती गुरगुरायची. उभ्या बंडीला बैल एकदम धावत ओढत नाहीत हे सासूबाईंनी आम्हाला सांगितलं. त्या मोटारीबद्दल बोलत होत्या की आमच्याबद्दल, हे मी विचारलं नाही. पण मी हळूहळू वेग वाढवायची आणि थांबण्याआधी हळूहळू कमी करायची कोष्टकं लिहिली आणि मोटार शहाणी झाली. स्क्रूत थोडा ढिलेपणा होता. दिशा बदलली की अकरा टप्पे वाया जायचे. तेही कोष्टकात घातले. सगळा प्रोग्राम कॅसेटवर भरला. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भजनं होती. चुकून उलटी घातली तर कॉम्प्युटर पाच मिनिटं भजन ऐकायचा आणि काही बोलायचा नाही.

उरलं शून्य. कॉम्प्युटरला टेबल कुठे आहे ते दिसत नव्हतं. तो फक्त टप्पे मोजायचा. वीज गेली की मोजलेलं विसरायचा, आणि आमच्याकडे वीज जायची. त्यामुळे दरवेळी टेबल हाताने ठराविक जागी आणून "हे शून्य" असं सांगावं लागायचं. मी उपाय काढला. टेबलाच्या कडेवर एक बारीक रेघ कोरून घेतली आणि खालच्या पाट्यावर एक. दुसऱ्या स्लाइडीवरही तसंच. रेघ रेघेला भिडली की शून्य. काळ्या लोखंडावर रेघा दिसेनात, म्हणून सासूबाईंच्या देव्हाऱ्यातलं कुंकू तेलात कालवून आगपेटीच्या काडीने चारही रेघांत भरलं. भिंगातून लालबुंद, बारीक, सुरेख दिसायच्या. मी स्वतःवर खूश होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला महिना लागला.

साच्याचे दोन अर्धे टेबलावरच्या दोन खुंट्यांत अडकवून कोरायचे आणि नंतर त्याच भोकांत खुंट्या घालून एकमेकांवर बसवायचे. एका अर्ध्याला दोन सकाळी लागायच्या. पहिली जोडी बसवली आणि नवऱ्याने नख फिरवलं. नख अडकलं. एक अर्धा दुसऱ्यावरून अर्धा मिलिमीटर सरकला होता.

मी ढिलेपणाचे अकरा टप्पे पुन्हा मोजले. अकराच होते. दुसरी जोडी कोरली. आता सरक थोडी कमी, पण दोन्ही बाजूंनी. मोटारी टप्पे चुकतात असं मला वाटलं. टेबल शंभर वेळा मागेपुढे नेलं, एकही टप्पा चुकला नाही. तिसरी जोडी सर्वांत वाईट निघाली. गणितात चूक असेल तर ती दरवेळी सारखी निघते. ही दरवेळी नवी निघत होती. अशी चूक मी फक्त वर्गातल्या मागच्या बाकावर पाहिली होती.

घरात मी चिडचिड करायला लागले. शाळेतून आले की चहासुद्धा न घेता वही उघडायची. नवऱ्याला म्हटलं, कॉम्प्युटर आणि मोटारींमधलं तुम्ही डाग देऊन केलेलं सर्किटचं बोर्डच खराब आहे, तो म्हणाला असेल. म्हटलं, स्लाइडी घासल्या आहेत, तो म्हणाला असतील. त्याला राग येत नव्हता याचा मला जास्त राग येत होता. एकदा मी म्हटलं, "तुम्हाला काही वाटतं की नाही?" तो म्हणाला, "वाटते ना." आणि खुंट्या पुसत बसला. सासूबाई देव्हाऱ्यासमोर पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागल्या होत्या. पोळा सतरा दिवसांवर आला होता.

कुंकवाचं मात्र मला कौतुक होतं. एवढं मशीनचं तेल अंगावर घेऊनही रेघा पहिल्या दिवसासारख्या लाल होत्या. चांगल्या प्रतीचं असेल असं मला वाटलं.

मग मला ताप आला आणि मी शाळेत गेले नाही. नवरा मिलवर गेला होता. सकाळी ओसरीतल्या खाटेवर मी पांघरूण घेऊन पडले होते. सासूबाईंनी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, देवपूजा केली. मग वाटी आणि काडी घेऊन त्या ओसरीत आल्या, मशीनपुढे बसल्या, पदर सावरला आणि टेबलाच्या कडेवरच्या माझ्या रेघेवर काडीने नवी रेघ ओढली. मग खालच्या पाट्यावर. मग दुसऱ्या बाजूला. इतक्या बारीक, इतक्या सरळ, की माझ्यापेक्षा त्यांच्या बऱ्या होत्या. फक्त जिथे कोरल्या होत्या तिथे नव्हत्या. केसभर इकडे, केसभर तिकडे, रोज निराळ्या.

मी उठून बसले. "आई, हे काय करून राहिल्या?"

"कुंकू," त्या म्हणाल्या. "तेलानं पुसट होऊन जाते ना. तू लावली त्या दिवसापासून मीच रोज ताजं करून राहिली."

"पण बोट का नाही लावलं? टिकली का नाही लावली?" हा काही विचारण्यासारखा प्रश्न नव्हता, पण तापात तोच सुचला. टिकली असती तर मला पहिल्याच दिवशी दिसली असती.

"तू बारीक काडली, म्हून मी बी बारीक काडली. मले वाटलं या मशीनले असंच लागते." मग त्यांनी काडी वाटीत टेकवली. "बाबू कायले जाते पुन्याले? इथं का कमी हाये? मी म्हटलं मशीनले, चाल बापा, एक डाव चाल."

मी रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन आले. मला एवढंच दिसत होतं की खालची खरी रेघ मोकळी करायची. मी चिंधी टेबलाच्या कडेला लावली आणि सासूबाईंनी माझा हात धरला.

"पुसू नको, बाई," त्या म्हणाल्या. "कुंकू पुसत नाई."

त्यांचं स्वतःचं कपाळ चार वर्षांपासून मोकळं होतं. ते कुणी पुसलं होतं, कसं पुसलं होतं, तेव्हा त्यांचे हात कुणी धरले होते, हे मी पाहिलं होतं; धरणाऱ्यांत मीही एक होते. हे मला त्या ओसरीत, रॉकेलच्या वासात आठवलं आणि माझी मला लाज वाटली. मी चिंधी ठेवून दिली. "नाही पुसत," म्हटलं. त्यांनी वाटी उचलली आणि आत जाऊन माझ्यासाठी पेज टाकली.

शून्य त्या कडेवर ठेवता येणार नव्हतं, एवढं उघड होतं. सासूबाईंना "लावू नका" म्हणणं मला जमणार नव्हतं. पेज पीत असताना उत्तर सुचलं. टेबलाच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला एक बोल्ट लावायचा आणि पाट्यावर पितळेची एक पट्टी. टेबल मागे मागे नेत जायचं. बोल्ट पट्टीला टेकला की दोन तारा जुळतील, कॉम्प्युटरला ते कळेल, आणि तो स्वतःच म्हणेल, हे शून्य. डोळा नको, भिंग नको, रेघ नको. दोन्ही स्लाइडींना असंच. सुरुवातीलाच असं करायचं असतं हे नंतर मला एका पुस्तकात वाचायला मिळालं. ते पुस्तक तुमसरला आलं तेव्हा आमचं करून झालं होतं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. रोज नव्या रेघा, रोज नवं शून्य, असं सगळं. तो जोडे काढत होता.

"अस्सं," तो म्हणाला. मग पट्टी आणायला मागच्या खोलीत गेला.

पट्ट्या बसवायला दोन दिवस गेले. माझ्या प्रोग्राममध्ये आठ ओळी वाढल्या. टेबल दहा वेळा शून्यावर नेलं, दहाही वेळा एकाच टप्प्यावर थांबलं. चौथी जोडी सहा दिवसांत झाली, कारण मधे दोनदा वीज गेली, पण आता वीज गेल्याचं काही वाटत नव्हतं. नवऱ्याने दोन्ही अर्धे खुंट्यांवर बसवले आणि साचा माझ्यापुढे धरला. मी नख फिरवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जोड कुठे आहे तेच कळेना. मी साचा सासूबाईंकडे दिला. त्यांनी नख फिरवलं नाही, तो दोन्ही हातांनी डोक्याला लावला.

पोळ्याला तीन दिवस असताना व्यापारी आले. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख जोडावरून नेलं. मग दुसऱ्या हाताचं. मग सोबतच्या माणसाला म्हणाले, "तू पाह्य." त्याचंही अडकलं नाही. यंदाच्या शेंब्या केव्हाच ओतून झाल्या होत्या, पण पुढच्या सगळ्या साच्यांचं त्यांनी तिथेच पक्कं केलं. सासूबाईंनी साखर वाटली. शेजारचे ते हात जोडणारे म्हातारे गृहस्थही येऊन साखर घेऊन गेले. नवऱ्याने पुण्याचं पत्र खिशातून काढलं, घडी घातलेलंच पेटीत ठेवलं. मी त्या रात्री महिन्यातून पहिल्यांदा शांत झोपले.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. आम्ही दोघं ओसरीत मशीनवर धूळ बसू नये म्हणून गोधडी घालत होतो. सासूबाई बपेऱ्याला गेल्या होत्या, थोरला मुलगा इथेच राहिला हे दिराला स्वतःच्या तोंडाने सांगायला.

मी सहज म्हटलं, "त्या रेघा मला आधी दिसल्या असत्या तर किती दिवस वाचले असते. रोज सकाळी लावायच्या आणि आपल्याला पत्ता नाही."

"मले होता," नवरा म्हणाला.

मी गोधडीचं टोक हातात धरून उभी राहिले. "काय होतं?"

"पत्ता. दुसऱ्याच दिवशी पाह्यलं होतं मी. माय लावत होती."

"मग सांगितलं काहून नाही?"

तो बराच वेळ मोटारीची तार सरळ करत राहिला. ती सरळच होती. "तिले कसं सांगाव? तिच्या हातची वाटी काढून घ्याव का?" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अन् मले जायचं होतं."

"पुण्याला?"

"तिकडे खोलीएवढ्या मशीनी आहेत. मले एक डाव पाहायच्या होत्या. मी काही बिघडवलं नाही, अन् सुधरवलं बी नाही. म्हटलं, जोडी नाही जमली तर जाईन. तुम्हा दोघींले काही बोलायले जागा राहणार नाही."

मला राग आला. महिनाभर मी कोष्टकं लिहिली, ढिलेपणा मोजला, याच माणसाच्या बोर्डाला नावं ठेवली, आणि हा खुंट्या पुसत होता. तो राग मी बोलून दाखवणार होते, तोंड उघडलंही होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि मला फार वाईट वाटलं. त्याला काय हवं आहे हे आम्ही दोघींनी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मी तर ते विचारायचं असतं हेसुद्धा हिशेबात धरलं नव्हतं. मी एवढं सगळं मोजलं, पण ते माझ्या कोणत्याच कोष्टकात नव्हतं.

"अजून तार करता येईल," मी म्हटलं. "पोस्ट उघडं असेल. दोन दिवस उशीर चालेल म्हणतील. माझं मी बघीन. आईंचंही मी बघीन."

"रुजू व्हायचा दिवस काल होता," तो म्हणाला.

"म्हणूनच म्हणते, तार करू."

"मी त्यायले नकाराचं पत्र धाडलं," तो म्हणाला. "व्यापारी आला त्याच संध्याकाळी. माय साखर वाटून राहिली होती तेव्हा." मग त्याने गोधडीचं दुसरं टोक उचललं आणि मला म्हणाला, "धर नीट, तिकडून उघडी राहते."

मी धरली.